चकती

ऑर्व्हिल गेल्यावर त्याच्या शेडमध्ये
बावीस वह्या निघाल्या.
मिनेसोटात बर्फ फुटला की दर दुसऱ्या शनिवारी
होडी थांबवून काळी-पांढरी चकती पाण्यात सोडायची,
दिसेनाशी झाली की दोरीवरच्या गाठी मोजायच्या.
एवढंच.

चौदा फूट. बारा. साडेनऊ.
डेल्फीन वारली त्या शनिवारी
फक्त: 'वारा होता.'

परवा तळ्याच्या मंडळाची सभा.
वर्गणी, धक्क्याची डागडुजी,
होड्यांना चिकटून येणारं परकं पाणगवत,
लून पक्ष्याची यंदा दोनच पिल्लं.
सगळं उरकल्यावर मार्गिटने विचारलं,
चकती कोण घेणार?

सगळे कॉफीत बघत राहिले.

दोरी आता माझ्याकडे आहे.
गाठी त्याच्या पद्धतीच्या, एकही सुटत नाही.
शनिवारी वारा नसला
तर जाईन.