सातवा हप्ता

बेकोजीत पहाटे धुकं निलगिरीच्या कमरेइतकं.
त्यातून पोरं धावत येतात,
आधी श्वास ऐकू येतो, मग पाय दिसतात.
मी एकटी, कानटोपी ओढून,
चार पावलांत धापा टाकणारी.

गेमेचूच्या दुकानात जुने बूट सुतळीला टांगलेले.
गिऱ्हाइकाला तो आधी खोट सांगतो:
हा टाचेला झिजलाय, याची जीभ मीच शिवलीय.
किंमत मग.

एक जोड वेगळा, वरच्या फळीवर.
बोन्तूचा. वहीत तिच्या नावापुढे सहा रेघा.
सातव्या हप्त्याचे दोनशे बिर
मी पटकन काढून ठेवले.
किती सहज!
घरी माझ्याकडे शिवणाऱ्या बायकांचा बोनस
मी दिवाळीपासून लांबवतेय.

त्यानं नोटा माझ्याकडे सरकवल्या.
"परवा कोबी विकून येईल ती.
शेवटची रेघ तिची."
कॉफी मात्र पाजली, फुकट,
आणि मला नाही म्हणता आलं नाही.

चढावर कुणीतरी मागून आलं,
बोन्तूच असावी, अंगठा बाहेर आलेल्या बुटांत,
मला ओलांडून गेली,
वळून न बघता.

बसमध्ये खिशातल्या नोटा पुन्हा मोजल्या.
दोनशेच होत्या.