दहा अंश

ऑक्टोबरात आम्ही घर विकलं. म्हणजे, विकलं असं म्हणालो.
फेब्रुवारी अर्धा सरला तरी त्याच घरात,
खोक्यांच्या बोळातून अंग चोरत झोपायला जातो.
नोरीनने प्रत्येक खोक्यावर लिहिलंय आत काय आहे ते,
एकावर फक्त : देव जाणे.
बटाट्याचं सोलाणं त्यातच असणार.

वकीलबाई मिस ऑकरॉइड दर मंगळवारी कळवतात :
पुढील पक्षाकडून माहितीची प्रतीक्षा आहे.
पुढील पक्षालाही त्याच्या पुढल्याची प्रतीक्षाच.
आमचं घर घेणार कॅलम आणि सायरा,
सायराला सातवा लागलाय, पाळणा तिच्या आईच्या गॅरेजात उभा,
आणि बँकेने कबूल केलेलं व्याज एकतीस मार्चनंतर उडणार.
आम्ही घेणार ड्रेकांचं, ड्रेक एका दंतवैद्याचं,
दंतवैद्य कुणा म्हातारीचं, मेल्थमच्या वर कुठेतरी.
ह्याला इथे साखळी म्हणतात.

मी चाळीस वर्षं हडर्सफील्डात सायकली दुरुस्त केल्या.
साखळी म्हटलं की हात आपोआप चिंधी शोधतो.
साखळी अडते तेव्हा सगळी कधीच अडलेली नसते,
एकच कडी असते, आखडलेली.
पेडल उलटं फिरवायचं, एकेक कडी बोटाखालून जाऊ द्यायची,
जिथे टुक् करून उडी बसते तिथे थांबायचं.
थेंबभर तेल. मग दोन्ही अंगठ्यांनी आडवं हलवायचं.
हळू.
जोर केलात तर हातात दोन तुकडे.

म्हणून एका रविवारी, मिस ऑकरॉइडना न विचारता,
बोट टेकवत टेकवत निघालो.
ड्रेक म्हणाले, आमची तर पायरपेटीसुद्धा काढून ठेवलीय.
दंतवैद्य म्हणाला, दोनदा सामानाची व्हॅन ठरवली, दोनदा अनामत बुडाली,
आणि बोलता बोलता माझे दात बघत राहिला.
मग चढ. मग रस्ताच संपला.

टुक्.

मिसेस पार्जिटर, वय चौऱ्याऐंशी.
कशाला आलात हे न विचारता किटली चढवली.
साखरेच्या भांड्याखाली तो फॉर्म :
घरात काय ठेवणार, काय नेणार.
पडदे : ठेवणार. शेगडी : ठेवणार. बागेतला बाक : नेणार, खोडून, ठेवणार.
शेवटी स्वतःच्या हाताने आखलेली एक ओळ,
मधमाश्या,
आणि पुढचे दोन्ही चौकोन कोरे.

“पुतणीचं घर तिसऱ्या मजल्यावर, न्यायच्या कुठे?
आणि ठेवायच्या तर त्यांना सांगायला नको?
हर्बर्ट गेला त्या दिवशी मी पेटीवर किल्लीने तीनदा वाजवलं,
सांगितलं, गेला.
न सांगता काही केलं तर त्या निघून जातात, किंवा मरतात.
पण आत्ता बसल्यात राणीभोवती गोळा होऊन, थरथरत, ऊब धरून.
अशात ठोठावलं तर गोळा फुटतो.
दहा अंश होऊ देत. एक दुपार पुरे.
वकिलाला हे कुठल्या शब्दांत लिहायचं, तुम्हीच सांगा.”

मला सांगता आलं नाही. बिस्किट घेतलं.
सायराचा सातवा महिना मात्र सांगितला,
बोलून झाल्यावर वाटलं, हाही जोरच झाला.
बाई खिडकीतून पेटीकडे बघत होत्या.
“मुलगा की मुलगी?”
माहीत नाही म्हणालो.
“बरं. तेही सांगते त्यांना.”

घरी आलो तर नोरीन : कुणाचं घोडं अडलंय?
घोडं नाही, म्हणालो,
आणि ‘देव जाणे’ची पट्टी फाडली.
सोलाणं नव्हतं. काचघरातला जुना थर्मामीटर होता,
तो स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगला. चार.

मंगळवारी पत्र : प्रतीक्षा आहे.
गुरुवारी सहा.
संध्याकाळी कॅलमचा फोन येतो, दबक्या आवाजात, सायरा झोपली असावी :
काही कळलं का?
आज सात, मी म्हणतो.
सात? म्हणजे सात मार्च?
मी हो म्हणत नाही. नाहीही म्हणत नाही.
बाहेर अंधारात काचेवर नाक टेकवून
पुन्हा एकदा पारा बघतो.