महत्त्वाचं!!

कॅम्पातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी
कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली.
मराठीत वाचली तरी तीच, कन्नडमध्येही तीच.
म्हटलं, चला,
या गावात दोन्ही भाषांचं एकमत झालेली
एक तरी पाटी निघाली.

वय एकेचाळीस.
चौथीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी हेच लिहिलं होतं,
जरा लांबवून:
हुशार आहे, पण बाकावर नसते.

संपदानं त्याच रात्री माझ्या फोनात ॲपं भरली.
यादीचं एक, पाणी पिण्याचं एक,
एकात झाड वाढतं, फोनला हात लावला नाही तर.
माझं तिसऱ्या मिनिटाला वाळतं.
आता तिथं अख्खं रान उभं आहे,
खानापूरच्या वाटेवर मार्चात दिसतात
तसल्या उघड्या सागांचं.
रंगांच्या ॲपात मी आठवडाभर रंगच निवडले,
रात्री अडीच-अडीचपर्यंत.
यादी इतकी देखणी झाली
की तिच्यातलं एकही काम करायची छाती होईना.

आणि हे कुणाला सांगायचं,
मी उद्यमबागेत इन्स्पेक्शनला आहे, अकरा वर्षं.
कास्टिंगच्या बोअरमध्ये गेज सोडते,
एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये.
केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक
माझ्या बोटांना न बघता कळते.
तेव्हा जेवणाचा भोंगासुद्धा ऐकू येत नाही.
याच बोटांनी
सिलिंडरचं पुस्तक फ्रिजात ठेवलं,
विजेचं बिल एका महिन्यात दोनदा भरलं,
त्यातलं एक शेजारच्या हलगेकरांचं.

घरून पावणेआठला निघते, म्हणजे आठ पाचला.
दुसऱ्या रेल्वे गेटपाशी घंटा होते,
दांडा खाली येतो.
त्याला स्नूझ नाही.
मालगाडी संपता संपत नाही,
लोक हॉर्न मारतात, दोन्ही भाषांत शिव्या देतात,
मी स्कूटरवर बसून अंग चाचपते:
डबा आहे, चष्मा आहे,
चावी, चावी, चावी
स्कूटरलाच आहे.
एवढ्या ॲपांत हे एकच चालतं
आणि ते रेल्वेचं आहे.

फोनात एक गजर आहे, चार दहाचा.
नाव: महत्त्वाचं. पुढं दोन उद्गारचिन्हं.
कधी लावला, कशासाठी, काही ठाऊक नाही.
पुसून टाकायचा धीर होत नाही,
काय सांगावं, खरंच असलं तर?
रोज वाजतो, रोज मी दचकते.
बाजूच्या टेबलावरून मल्लव्वा म्हणते,
"अक्का, काय वाजुलंय ते?"
"महत्त्वाचं आहे म्हणे."
"काय महत्त्वाचं?"
"आठवेना गं."
"मग चहा तर पिऊया की."
तिचं मराठी हुक्केरीचं,
माझं कन्नड येळ्ळूरचं,
दोन्ही मोडकी, चहा तेवढा धड.

परवा फोन घरी राहिला.
यादीत होतं: फोन घेणे.
यादी फोनातच होती.
चार दहा झाले, काही वाजलं नाही.
मी बोअरच्या आत होते,
तेवीस नग झालेले, चोविसावा हातात,
बाहेर जग होतं की नव्हतं, देव जाणे.
खांद्यावर थाप पडली.
मल्लव्वा, दोन्ही हातांत ग्लास
म्हणून कोपरानं मारलेली थाप.
भुवया वर चढवून, घंटेसारखा आवाज काढून म्हणाली,
"महत्त्वाचं, अक्का! महत्त्वाचं!"

पाठीमागचा लेथ थांबला, पोरं हसली.
मी चोविसावा नग खाली ठेवला.
पास होता की नापास,
ते मात्र नंतर परत बघावं लागलं.