तिसऱ्या वल्ह्याची रेघ

पहाटे पाच चाळीस. ब्रदा नदीवर धुकं,
बोटघराच्या भिंतीवर आठ रेघा.
येमिओवा बाई चहाचा ग्लास टेकवून म्हणतात,
"रेघेला भीड नसते. बघा."

मी सुकाणूवर. पन्नास किलो मी, पाच किलो वाळूची पिशवी;
नियमाला पंचावन्न लागतात.
नावेत पुढं बघणारी एकटी मीच,
बाकी आठजणी पाठमोऱ्या जातात शर्यतीला,
मागं पडणारं पाणी निरखत.

वल्ह्याच्या खुंटीत आता सेन्सर असतो.
पातं किती अंशांवर शिरलं, किती नुसतं घसरलं,
जोर कुठं चढला, कुठं ओसरला.
दोब्रावाची रेघ कड्यासारखी उभी,
लिगियाची भाकरीसारखी, उशिरा फुगणारी.
दोघींनी दोन आठवड्यांत सुधारल्या.

राहिली कालिना, तिसऱ्या जागेवरची.
तिच्या रेघेला रोज एक खळगा,
रोज बाराशे मीटरला, रेल्वेपुलाखाली.
तिमोन म्हणाला, सेन्सर बिघडलाय.
बदलला. खळगा तिथंच.
दम कमी पडतो म्हणून महिनाभर तिला जिने चढवले.
खळगा तिथंच.
मग बाईंनी तिला उतरवलं, झुझाना बसली.
खळगा गेला,
आणि नाव चार सेकंदांनी मंदावली.

भिंतीवर याचं उत्तर नव्हतं.
तिमोननं तीनदा बेरीज केली.

मी विचारलं, ती मोजे पिळत होती तेव्हा.
"पुलाखाली आवाज परत येतो," ती म्हणाली,
"आठ पात्यांचा एकच 'खप' यायला हवा.
एक ठोका हात सैल सोडते. ऐकते.
कोण मागं आहे ते कळतं,
मग पुढचे आठशे मीटर मी तिच्याकडे झुकते."

दुसऱ्या दिवशी पुलाखाली मी ओरडले नाही.
ही सूचना बाईंची. नऊजणी गप्प.
कमानीनं आमचा आवाज आम्हाला परत दिला,
फाटका. कापड टरकावं तसा.
लिगियाला हसू आलं, मग नाही आलं.

जूनमध्ये पोझनानच्या तलावावर
पूल नव्हता, नुसतं आभाळ.
चौथ्या आलो. गेल्या साली सातव्या.
संध्याकाळी तिमोननं रेघा लावल्या.
बाराशे मीटरला आठ खळगे,
एकाखाली एक,
जणू एकाच बोटानं दाबलेले.

येमिओवा बाईंनी लाल पेन काढलं.
टोपण उघडलं नाही.
चहा तेवढा गार झाला.