हेड उघडल्यावर

सेलूत, पाथरी रोडला, खय्यूमच्या शेडमध्ये
माझ्या गाडीचं हेड उघडून ठेवलंय बारदान्यावर.
डिपस्टिकला ऑइल नव्हतंच, चहा होता,
दूध जास्त झालेला.
"गॅस्केट गेलं, सर. पाणी खाली उतरलं."

बावीस वर्षं मी फळ्यावर काढत आलो
हाच सिलिंडर, हाच पिस्टन,
निळ्या खडूनं हवा, लाल खडूनं स्फोट.
चूषण, संपीडन, ज्वलन, उत्सर्जन.
पोरं पाठ करायची. मीही.
आज पहिल्यांदा पिस्टन हातात घेतला,
वरून तव्यासारखा काळा,
आणि वाटला होता त्याहून हलका.

खय्यूम म्हणतो: ओढ, दाब, पेट, सोड.
परवा चालत्या इंजिनाला लांब पेचकस टेकवून
मूठ कानाशी धरली होती त्यानं,
"तिसऱ्याचा व्हॉल्व्ह नीट बसंना."
मला नुसता खडखडाट.

मग रेडिएटर उलटा केला.
ओंजळभर पांढरी खपली पडली.
"पाणी कुठलं घालता?"
"घरचंच. बोअरचं."
"मुतखडा झालाय मग गाडीला,"
म्हणाला, आणि हसला नाही.

कठीण पाणी, त्यातले क्षार:
दोन गुणांचा प्रश्न.
उत्तर मीच लिहून द्यायचो.

लाईट गेली.
मोबाईल दातांत धरून
तो हेडवरून स्टीलची पट्टी फिरवत राहिला,
खालून उजेड कुठं फुटतो ते बघत.
"केसभर वाकलंय. परभणीला धाडावं लागंल."

मी रुमालानं हात पुसले.
नखांतलं काळं निघालं नाही.
उद्या पहिला तास, नववी ब.
राहू दे म्हणतो.