सातार्ड्यापर्यंत

बत्तीस वर्षं मी घंटीची दोरी ओढली.
आता शिरोड्याहून पहाटेची गाडी धरतो,
खिडकीकडची जागा मावशीला देतो
आणि पिशवी मांडीवर घेतो :
फाईल, पेजेचा थर्मास, उलटीसाठी आइस्क्रीमचा रिकामा डबा,
आणि केळीच्या पानात एक वळेसर, डॉक्टरीणबाईंना.

गुणामावशी अठ्ठ्याहत्तरची.
पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट,
पण सातार्ड्यापर्यंतच.
पुढे गोवा, पुढे पैसे.
कंडक्टर पोरगा दर खेपेला ओशाळतो.
मी सुटे आधीच काढून ठेवतो,
नियम मलाही पाठ आहेत.
"माजो अर्धो जीव फुकट," मावशी म्हणते, "अर्धो इकत."

छातीतली गाठ तिने सुरंगीचे दोन हंगाम लपवली.
कळली तेव्हा शेजारी म्हणाले,
या वयात कशाला टोचाटोची.
डोंबिवलीहून पुतण्या म्हणाला,
सगळ्यात भारी औषध द्या, पैशाचं बघू नका.
दोघांनीही फोन ठेवला, चहा संपवला.
मावशी आतल्या खोलीत दोरा ओवत होती.

बांबोळीला पहिल्या दिवशी
डॉक्टर फुर्तादोंनी गाठीचं नावच काढलं नाही.
खुर्चीतून ऊठ म्हणाल्या, हात न टेकता.
दाराकडे जा. परत ये.
वर्षात किती वेळा पडलीस?
भात कोण शिजवतं?
रात्री घरात कोण?
मी, म्हटलं.
माझं वय त्यांनी विचारलं नाही,
नुसतं माझ्या गुडघ्यांकडे बघितलं
आणि काहीतरी लिहिलं.

मग कोरा कागद : घड्याळ काढ, अकरा वाजून दहा मिनिटं.
मावशीने भाकरीएवढं वर्तुळ काढलं
आणि पेन्सिल खाली ठेवली.
"अकराक बाजारात कोण आसता गो?
सुरंगी आठाकच सपता."
डॉक्टर हसल्या. गुण किती दिले माहीत नाही.

औषधं दोन होती.
एकात जोर. केस जातील,
बोटांना मुंग्या येतील, कदाचित कायमच्या.
दुसरं सौम्य, सावकाश चालणारं.
दोन्हींत फरक किती महिन्यांचा,
ते मी विचारलं, त्यांनी न अडखळता सांगितलं.
तो आकडा मी इथे लिहिणार नाही.
डॉक्टर माझ्याकडे बघतच नव्हत्या.
स्टूल ओढून मावशीसमोर बसल्या,
कोकणीत म्हणाल्या, तुका कितें जाय?

इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलं असेल?
मी तरी विचारलं नव्हतं.

"केस जावंदेत," मावशी म्हणाली,
"मी खंय माळतंय, मी इकतंय.
बोटां तेवडी माजी ऱ्हवांदेत."

आता फाल्गुन आहे.
कळ्या फुटायच्या आत पोरं झाडावर चढतात,
चारला टोपली ओट्यावर येते.
औषधानंतरचे पाच दिवस ती उठत नाही,
पाण्याला नाण्याची चव लागते म्हणते,
पेज दोन घोट, वर आमसुलाचं बोट.
सहाव्या दिवशी दिवा लावायला सांगते.
मी शेजारी बसून ओवतो, माझे वळेसर सैल होतात,
ती न बोलता उसवते, पुन्हा भरते.
कधी कधी सुई टोचते तिला.
टोचली की बोट दिव्यापाशी धरून बघते,
आणि मला दाखवते,
पास झालेल्या पोरीसारखं : दुखतं अजून.

परतीच्या गाडीत ती झोपते, तोंड उघडं,
डबा माझ्या हातात, या खेपेला कोराच.
पुलावर खड्डा आहे, मला ठाऊक आहे,
म्हणून आधीच तिच्या मानेखाली हात घालतो.
गाडी आदळते.
"सातार्डा इला?" डोळे न उघडता विचारते.
इला, म्हणतो.
"मगे तिकीट काढू नको."