ळ

आमच्या घरातून सगळ्यांत आधी ळ गेला.
चष्मा, दाराची कडी, बाबांचं नाव
ही सगळी नंतरची गोष्ट.

भिला गुरुजी, म्हणजे माझे आबा,
बत्तीस वर्षं कापडण्याच्या शाळेत
पोरांच्या जिभा टाळूकडे वळवत होते :
बाळ, नळ, फळा, आभाळ.
धुळ्यात देवपूरला राहायला आलो तरी तेच.
फ्रिजवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
तोंडून अहिराणी निसटली की रुपया दंड.
आजी सर्वांत जास्त भरायची
आणि त्याच डब्यातून गुपचूप दुधाचे पैसे द्यायची.
माझं नावसुद्धा त्या अक्षरासाठी.
श्रेया, सानिका, अनुष्काच्या वर्गात
मी एकटी मंजुळा.

एके दिवशी चहा फुंकत म्हणाले,
"मना डोया दुखतस."
बाबा हसले, आबा, काढा रुपया!
आबा आमच्याकडे बघत राहिले.
कसला रुपया?

मग एकदा मलाच,
"कोनी आंडेर शे वं तू?"
मी सांगितलं नीट, शुद्ध, त्यांनीच शिकवलेलं,
"आबा, मी तुमची नात आहे."
ते पलंगावरून उठले.
पाय जुळवले, हात मांडीला चिकटवले,
फरशीकडे बघत म्हणाले, "जी, साहेब."

कुठला साहेब? कुठल्या साली आला होता?
त्याने काय विचारलं होतं
आणि एका लहान मुलाला काय आलं नव्हतं?
हे सांगू शकेल असं आता कुणी नाही.

तेव्हापासून मी शिकतेय.
पांझरेकाठी भाजी विकणाऱ्या भटाबाईंकडून
गिलक्यांबरोबर शब्द आणते.
बायोलॉजीच्या वहीचं मागचं पान :
आठे, तठे, कवय, कसाले.
भटाबाई तराजू धरून हसतात,
"पोर, तू ते पुस्तकनी गत बोलस."

रात्री दोनला ते चपला घालतात.
"माले घर जावानं शे."
बाबा म्हणतात, हेच तर घर आहे.
मी म्हणते, "चाला."
दोन जिने उतरून पार्किंगमध्ये
माझ्या स्कूटीवर मागे बसतात, मी पुढे.
किल्ली लावत नाही.
थोड्या वेळाने खांद्यावर हात, "गाव उनं का?"
"उनं."
मग वर येतो.

रोज नाही जमत.
कधी मी उशीखाली डोकं घालते,
सकाळी प्रॅक्टिकल असतं,
आणि कडी वाजत राहते, वाजत राहते,
बाबा उठेपर्यंत.

काल त्यांची नखं कापत होते.
"नाव काय शे तुनं?"
"मंजुया," मी म्हणाले. आता सवयच झालीये.
त्यांनी हात काढून घेतला.
भुवई वर गेली. जुनी, फळ्यासमोरची.
"मंजुया नाही. मंजुळा.
जीभ वळव."

मी वळवली.
(रुपया रात्री टाकला डब्यात.
रिकाम्या पत्र्यात तो बराच वेळ गरगरला.)

त्यांनी मला ओळखलं
की फक्त माझ्या चुकीला,
हे विचारणार, तेवढ्यात
दुसरा हात पुढे आला,
बोटं पसरलेली, लहान पोरासारखी,
"हाऊ ऱ्हायना."